शाळेच्या पानातील डावे-उजवे

आपल्याकडे पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही डाव्या बाजूस. पालेभाजी, फळभाजी, आमटी ही उजव्या बाजूस. आणि मध्ये भात. भाताने पोट भरते आणि डाव्या-उजव्याने त्याला चव येते, एवढाच हिशेब पूर्वी लोक करीत. विसाव्या शतकातील आहारशास्त्राने त्यात मोठी भर घातली. मधल्या भाताने मूल जगते. पण त्याची दृष्टी, त्याचे रक्त, त्याची हाडे आणि रोगाशी झुंजण्याची त्याची ताकद यांचा फार मोठा भाग डाव्या-उजव्या बाजूंवर अवलंबून असतो, हे त्या शास्त्राने सिद्ध केले.

शाळेतल्या मुलांना दुपारचे जेवण देण्याचा उपक्रम जगात शंभर-सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचा इतिहास पाहू लागलो की आम्हांला पानाची ही रचना वारंवार आठवते. बहुतेक ठिकाणी मधला भाग आधी भरला गेला. तो भात असो, पाव असो की लापशी असो, त्याची तरतूद झाली, त्यासाठी कोठारे उभी राहिली, कायदे झाले. डावे-उजवे मात्र मागाहून आले, आणि अडचणीचा प्रसंग आला की पहिल्याने तेच उचलले गेले. असे का घडले आणि यापुढे ते घडू नये म्हणून काय करता येईल, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम आपल्या घरचा इतिहास पाहू. शिकणाऱ्या मुलाला समाजाने जेवू घालावे ही कल्पना आपल्याला नवी नाही. पुणे, वाई, नाशिक या विद्येच्या ठिकाणी परगावचे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वारांची सात घरे ठरलेली असत. कोणी माधुकरी मागून आणी. या पद्धतीत अपमान पुष्कळ होता आणि उपासही पुष्कळ होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु आहाराच्या दृष्टीने तिच्यात एक गुण आपोआप आलेला होता. ज्या घरी वार असे त्या घरात त्या दिवशी जे शिजे तेच त्या मुलाच्या पानात पडे. श्रावणात घरोघरी अळू, तर त्याच्याही पानात अळू. पौषात मेथी, तर त्यालाही मेथी. सात घरांच्या सात चुली म्हणजे आठवड्याच्या सात भाज्या. ऋतूला वेगळे आमंत्रण द्यावे लागत नसे.

या पद्धतीचा मोठा दोष असा की ती जातीच्या कुंपणात बांधलेली होती. ज्या मुलाला कोणाच्याही स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जाण्याची मुभा नव्हती, त्याने वार कोठे लावावा? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात वसतिगृहांनी दिले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहून, एकत्र रांधून, एका पंक्तीला जेवण्यास शिकविले. ते वसतिगृह चालविताना लक्ष्मीबाई पाटलांनी आपले सौभाग्यलेणे मोडून मुलांच्या पोटाची सोय केली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण ज्या संस्थेला उद्या धान्य येईल की नाही याचीच चिंता आहे, तिला पालेभाजीचा विचार मागाहूनच सुचणार. दाता धान्य देतो, कारण धान्य टिकते. ते पायलीने मोजता येते आणि देणगीच्या वहीत लिहिता येते. मेथीच्या जुडीची देणगी कोण लिहून ठेवणार? धान्य आणि भाजी यांच्यातला हा जो स्वभावभेद, तोच पुढे राज्यसंस्थेच्या पातळीवरही दिसतो.

आता क्षणभर परदेशाकडे वळू. इंग्लंडमध्ये शाळेतील जेवणाचा प्रश्न ऐरणीवर आला तो बोअर युद्धानंतर. सैन्यभरतीस आलेले कितीतरी तरुण शरीराने नालायक ठरले आणि राज्यकर्ते दचकले. १९०४ साली एका सरकारी समितीने या शारीरिक ऱ्हासाची चौकशी केली आणि १९०६ साली शाळांतील जेवणासंबंधीचा कायदा झाला. त्याने नगरपालिकांवर सक्ती केली नाही. मुलांना जेवण देण्याची मोकळीक तेवढी दिली. ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात मार्गारेट मॅकमिलन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आधीच हा प्रश्न लावून धरला होता. तेथे १९०७ च्या वसंतात चाळीस गरीब मुलांना काही महिने सकाळ-दुपार जेवू घालून त्यांची वजने नोंदविण्यात आली. वजने वाढली, हे अपेक्षितच होते. नोंदीत लक्ष वेधून घेणारा भाग निराळा होता. मध्यंतरी सणाची सुट्टी लागली, जेवण बंद झाले, आणि त्या थोड्याशा दिवसांतच मुलांची वजने खाली आली. सुट्टी ही गरीब मुलाच्या पोटालाही लागते, हे त्या आलेखाने दाखविले. त्याची आठवण पुढे आपल्याला पुन्हा होणार आहे.

त्या काळचे शास्त्र मात्र वजन आणि उष्मांक यांच्यापुढे फारसे गेलेले नव्हते. कासिमीर फुंक यांनी 'व्हिटॅमिन' हा शब्द वापरला तो १९१२ साली. त्यानंतरच्या वीस वर्षांत जीवनसत्त्वांचा शोध झपाट्याने पुढे गेला आणि शाळेच्या पानाकडे पाहण्याची दृष्टीही पालटली. या पालटाचे नामांकित उदाहरण म्हणजे नॉर्वेतील 'ऑस्लो न्याहारी'. ऑस्लोत गरीब मुलांना गरम जेवण देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होती. शाळांच्या आरोग्याचे काम पाहणारे डॉक्टर कार्ल श्योत्स यांनी तिच्यावर आक्षेप घेतला. पोट भरते, पण उकळून उकळून त्या अन्नात राहते काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९३० च्या सुमारास त्यांच्या आग्रहाने न शिजविलेली न्याहारी सुरू झाली. कोंड्यासकटच्या पिठाचा पाव, लोणी, चीज, दूध, आणि त्याच्या जोडीला अर्धे सफरचंद किंवा अर्धे संत्रे. फळ नसेल त्या दिवशी कच्चे गाजर. हिवाळ्याच्या अंधाऱ्या महिन्यांत वर चमचाभर कॉडमाशाचे तेल. म्हणजे पदार्थांचा सांगाडा कायम आणि फळभाजीची जागा ऋतूकडे सोपविलेली. सफरचंद नाही म्हणून ती जागा रिकामी राहिली नाही. तेथे गाजर बसले. ही व्यवस्था आम्हांला महत्त्वाची वाटते.

जपानचे उदाहरणही बोलके आहे. तेथील शालेय जेवणाचा आरंभ १८८९ साली त्सुरुओका गावी एका बौद्ध मंदिरातील शाळेत झाला असे मानतात. त्या पहिल्या पानात भाताचे मुटके होते, खारविलेला मासा होता आणि लोणच्यात मुरविलेली भाजी होती. ताजी भाजी नसेल तेव्हा मुरविलेली. पण भाजीची जागा पहिल्या दिवसापासून राखलेली. त्या देशाने १९५४ साली शालेय जेवणाचा कायदा केला, आणि २००५ साली तर अन्नशिक्षणाचाच स्वतंत्र कायदा केला. आपल्या परिसरात पिकणारे अन्न शाळेच्या पानात यावे आणि ते कोठून आले हे मुलांना कळावे, हा तेथील शालेय जेवणाच्या धोरणाचा एक प्रमुख धागा आहे.

हे सारे वाचून कोणास वाटेल की भाजीचे महत्त्व आपल्याला परदेशाने शिकविले. वस्तुस्थिती तशी नाही. पानातील पाल्याच्या शास्त्राचा एक मोठा अध्याय खुद्द मुंबईत लिहिला गेला आहे. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या. गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणकामगार वस्तीत, एक घातक पंडुरोग आढळे. त्याचे कारण त्या शोधीत होत्या. या स्त्रियांच्या आहारात फळे आणि भाज्या जवळजवळ नसतात, हे त्यांच्या ध्यानी आले. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो हेही त्यांनी दाखविले, पण त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते याचा उलगडा झाला नव्हता. १९४१ साली अमेरिकन संशोधकांनी चार टन पालकाच्या पाल्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि लॅटिन भाषेतील 'पान' या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल असे नाव दिले. मुंबईच्या गरीब आयांच्या अन्नात जे कमी पडत होते ते हेच.

तिकडे दक्षिणेत कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्कॅरिसन आणि त्यांच्या मागून वॉलेस एक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांचे पृथक्करण चालविले होते. एक्रॉइड यांनी १९३७ साली त्याची कोष्टके प्रसिद्ध केली. माठ, कोथिंबीर, कढीलिंब, शेवग्याचा पाला अशा ज्या गोष्टींची बाजारात किंमत होत नव्हती, त्यांच्यात डोळ्यांना लागणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर आहे, हे अशा पृथक्करणांतून दिसून आले. तेलाच्या फोडणीसह तो पाला खाल्ला तर शरीर तो चांगला शोषून घेते, हेही पुढे कळले. याच सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजी पालेभाज्यांचे प्रयोग करीत होते आणि १९३५ साली 'हरिजन' पत्रात त्याविषयी लिहीत होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि तीतून नयी तालीम निघाली. बागेत भाजी पिकविणे आणि ती रांधणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, असे ती मानी. म्हणजे १९३७ साली आपल्याजवळ कोष्टक होते आणि शाळाही होती. कमी होती ती या दोहोंना जोडणारी व्यवस्था.

ती व्यवस्था आपल्याकडे आली, पण धान्याच्या वाटेने आली. १९२० साली मद्रास महापालिकेने त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना खाणे देण्याचा ठराव केला. खर्चाची मर्यादा होती दर मुलामागे रोज एक आणा. १९५६ साली कामराज यांनी मद्रास राज्यभर दुपारचे जेवण सुरू केले. जुलै १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत त्याचा फार मोठा विस्तार केला. इतरत्र पन्नास-साठच्या दशकांत परदेशी मदतीची दूध भुकटी आणि गहू यांवर कार्यक्रम चालले. १९७२ च्या दुष्काळातील सुकडी महाराष्ट्रातील एका पिढीच्या जिभेवर अजून आहे. या सर्व वस्तूंत एक साम्य आहे. त्या कोरड्या आहेत. जहाजाच्या किंवा मालगाडीच्या पोटात महिनोन्महिने टिकतात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने देशव्यापी योजना सुरू केली तेव्हाही बऱ्याच राज्यांत शिजविलेले अन्न न देता दरमहा तीन किलो कच्चे धान्य घरी देण्याची पद्धत पडली. घरी गेलेले ते धान्य साऱ्या कुटुंबाचे झाले, आणि ते योग्यही होते. पण शाळेत पान मांडलेच गेले नाही. २००१ साली दुष्काळात लोक उपाशी असताना सरकारी कोठारे ओसंडून वाहत आहेत, ही विसंगती लोकस्वातंत्र्य संघटनेने सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान दोनशे दिवस शिजविलेले जेवण मिळाले पाहिजे. या आदेशाचे मोल फार मोठे आहे. कोट्यवधी मुले एका पंक्तीला बसली, ती त्यामुळे. पण आदेशात माप होते ते उष्मांकांचे आणि प्रथिनांचे: तीनशे उष्मांक, आठ ते बारा ग्रॅम प्रथिने. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला तेव्हा त्याच्या परिशिष्टातही माध्यान्ह भोजनापुढे हीच दोन मापे लिहिली होती. भाजी आली ती योजनेच्या नियमांत. २००९ च्या सुधारित प्रमाणानुसार प्राथमिक शाळेतील मुलाला शंभर ग्रॅम धान्याबरोबर पन्नास ग्रॅम भाजी आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला पंचाहत्तर ग्रॅम भाजी द्यावयाची असते.

पन्नास ग्रॅम म्हणजे एक बेताचा कांदा. शंभर मुलांच्या शाळेस रोज पाच किलो भाजी लागेल आणि दोनशे दिवसांत एक हजार किलो. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून व्यवस्थेकडे पाहावे. धान्य केंद्राकडून धान्याच्याच रूपाने येते. बाजारात तांदूळ महागला म्हणून मुलाच्या पानातील भात कमी होत नाही. भाजी मात्र पैशाच्या रूपाने येते. दर मुलामागे ठरलेली रक्कम मिळते आणि तीतच काही अंशी डाळ, तेल, मसाला, इंधन आणि भाजी बसवावी लागते. तेल महागले की चिमटा कोठे बसतो? तेलाविना फोडणी होत नाही, इंधनाविना चूल पेटत नाही. राहता राहिली भाजी. मग खिचडीत बटाट्याच्या दोन फोडी पडतात आणि कागदावर भाजीचा रकाना भरतो. यात स्वयंपाक करणाऱ्या बाईचा दोष नाही आणि मुख्याध्यापकाचाही बहुधा नसतो. रचनाच अशी आहे की भाताला कोठाराचा आधार आहे आणि भाजी उघड्यावर आहे. आपल्या भाषेत 'डावे-उजवे करणे' म्हणजे पंक्तिप्रपंच करणे. येथे पंक्तिप्रपंच माणसांत झालेला नाही. एकाच पानातील पदार्थांत झाला आहे.

उघड्यावर असलेल्या भाजीला आधार कोणाचा? आमचे उत्तर असे की ऋतूचा आणि गावाचा. जी भाजी ज्या महिन्यात आणि ज्या भागात भरपूर येते, तीच त्या महिन्यात स्वस्त असते, ताजी असते आणि फार दुरून आणावी लागत नाही. ठरलेल्या रकमेत पाच किलो बसवावयाचे तर बारा महिने फ्लॉवर-टोमॅटोच्या मागे लागून चालणार नाही.

शाळेचे वर्ष आणि भाजीचे वर्ष ही दोन पंचांगे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. आपल्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात. त्या वेळी बाजारातील लागवडीच्या भाज्या पावसाने महाग झालेल्या असतात; पण कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याच आठवड्यांत टाकळा, कवळा, भारंगी, फोडशी, कुर्डू या रानभाज्या उगवतात. त्या ओळखणाऱ्या आणि रांधणाऱ्या आदिवासी बाया त्याच गावच्या असतात, पुष्कळदा त्याच मुलांच्या आया-आज्या असतात. शेवळे काकडाच्या फळांबरोबर शिजविले नाही तर घशाला खाजते, हे ज्ञान पुस्तकातले नाही, त्यांच्या हातातले आहे. म्हणून रानभाजी शाळेत आणावयाची तर त्यांनाच विचारून आणावी. श्रावण-भाद्रपदात भोपळा, दोडका, काकडी, करटोली. मग हादग्याची फुले. दिवाळीनंतर तर चंगळ असते: मेथी, चाकवत, मुळा, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला, गाजर, पावटा. फळांत सीताफळ, पेरू, आवळा, बोरे. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत आवळा आणि पेरू यांच्यापुढे महागडे संत्रेही फिके पडते. शेवगा एकदा लावला की वर्षाचा बराच काळ पाला देतो.

आणि मग वैशाख येतो. आपल्या व्याख्यानमाला याच दिवसांत भरतात. बाजारात आंबा असतो, फणस असतो, करवंदे असतात, आणि शाळांना सुट्टी असते. वर्षातील फळांचा सर्वांत श्रीमंत महिना शाळेच्या पानाला कधी भेटतच नाही. ज्याच्या घरी आंब्याची पेटी येते त्याला याची खंत नाही. ज्याच्या घरी ती येत नाही, त्याचे फळ आणि दुपारचे जेवण ही दोन्ही एकाच दिवशी बंद होतात. ब्रॅडफर्डच्या आलेखातील ती खाली गेलेली रेघ येथे आठवावी. दुष्काळी भागांत सुट्टीतही जेवण चालू ठेवण्याचे आदेश न्यायालयाने दिले ते याच कारणाने योग्य होते.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. पालेभाजी निवडण्यास वेळ फार लागतो. शंभर मुलांची मेथी एकटी बाई केव्हा निवडणार? पावसाळ्यात पाल्यात माती आणि अळ्या असतात. ती नीट धुतली गेली नाही तर उपकाराचा अपकार व्हावयाचा. शहरांतून मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजलेले अन्न गाडीने दूरवरच्या शाळांत जाते. डब्यात तासनतास कोंडलेली पालेभाजी काळवंडते आणि मुले ती बाजूला सारतात. शिवाय मुलांना भाजी आवडत नाही, ही आयांची तक्रार तर सनातनच आहे. पण या अडचणी व्यवस्थेच्या आहेत, भाजीच्या नव्हेत. मदतनिसाला पुरते मानधन, धुण्यास पुरेसे पाणी, दूरच्या शाळांसाठी टिकाऊ फळभाजी आणि जोडीला पेरू किंवा गाजरासारखे न शिजविता देता येणारे काही, अशी उत्तरे सुचतात. ऑस्लोने कच्च्या गाजराने हेच साधले होते.

केंद्र सरकारने २०१९ साली शाळांतील परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महाराष्ट्रातील कितीतरी शाळांनी त्या आधीपासूनच हौसेने बागा केल्या आहेत. त्यांचे कौतुक करताना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन गुंठ्यांच्या बागेतून रोजची पाच किलो भाजी वर्षभर निघणार नाही, आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून ती वाळेल. परंतु आपण लावलेला मुळा मूल बाजूला सारीत नाही, हा अनुभव शिक्षक सांगतात. बागेचे खरे उत्पन्न ते आहे. रोजच्या पाच किलोंची सोय मात्र गावाच्या बाजाराने आणि शेतकऱ्याने केली पाहिजे.

आम्ही शहरातले लोक यात काय करू शकतो? आपल्या वस्तीजवळच्या शाळेत आठवड्यातून एकदा दुपारी जाऊन पान पाहून यावे. तपासनीस म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. शालेय व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांनी आपल्या तालुक्यातील भाज्याफळांचे महिनावार ऋतुपत्रक करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावे. मंडईतील अडत्यांशी बोलून हंगामी माल ठरल्या दराने शाळेस मिळेल का हे पाहावे. घरचा वाढदिवस किंवा श्राद्धतिथी यांनिमित्त शाळेला काही द्यावयाचे झाल्यास पेढे देण्याऐवजी टोपलीभर पेरू किंवा बोरे द्यावीत. आणि दर मुलामागची रक्कम ठरविताना भाजीचा पैसा वेगळा काढून ठेवावा, तो तेलात आणि इंधनात मिसळू नये, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे करावी. कोठाराची जबाबदारी सरकारने उचलली आहे आणि ती त्याने सोडता कामा नये. मुलाच्या पानातील भात त्याने मध्ये वाढला आहे. डावे-उजवे वाढण्याचे काम गावाकडे आले आहे, आणि येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा टाकळा उगवलेला असेल.